हळदीच्या दिवसांतला घोर

शिजणाऱ्या हळदीचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यात तो नसतो, लग्नातल्या हळदीलाही नसतो. ओली माती, उकडलेलं रताळं आणि कुठलंसं कडवट औषध एकत्र केलं तर जे होईल, त्याच्या आसपास तो असतो. कपड्यांना चिकटतो, केसांत राहतो, रात्री उशीलाही येतो. परवा सांगलीच्या मार्केट यार्डासमोरून घरी येताना टेम्पोतून हळदीची पोती उतरत होती. वाळलेल्या हळदीचा वास वेगळा, कोरडा. पण तेवढ्यानंसुद्धा मला शिजणारी हळद आठवली. आणि घरी येऊन बूट काढतोय तोवर कोरेगावकडून दादांचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आलाच.

"काढणी उरकली रं. ऐतवारी काहील मांडतोय. येतोस का?"

"येतो," म्हणालो.

फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं. एक काळ होता, तेव्हा हे 'येतो' म्हणण्याआधी माझ्या डोक्यात अख्खा रस्ता उभा राहायचा. कराडच्या पुढं टायर फुटला तर, घरी मागं बायकोला, सुनंदाला, काही झालं तर, गॅस चालू राहिला तर. आता हे मनात येत नाही असं नाही. येतं, आणि माझ्या शेजारी बसून राहतं. पण गाडी मी चालवतो.

मी कुपवाडला एका छोट्या कारखान्यात तपासनीस आहे. लेथवरून उतरलेले भाग मोजायचे, खोट असेल तो बाजूला काढायचा. वर्षानुवर्षं हेच काम. त्यामुळे डोळ्याला एक सवय लागते. समोर आलेली प्रत्येक गोष्ट कुठं बिघडली असेल, हे आधी दिसतं. माझं दुखणं या कामातून आलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे इतके तपासनीस आहेत, ते घरी जाऊन मस्त झोपतात. पण माझ्या मनानं ही सवय कधी उचलली आणि घरापर्यंत आणली, ते मला कळलं नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. सकाळी स्कूटरवरून निघालो की अर्ध्या वाटेत वाटायचं, दाराला कुलूप लावलं का? परत फिरायचो. कुलूप लावलेलं असायचं. मग गॅसचं बटण. मग मुलगी ऋतुजा. ती तेव्हा सांगलीतच कॉलेजला होती. कॉलेजला पोचली का, क्लासला पोचली का, घरी आली का. फोन लावायचा, तिचा आवाज ऐकायचा, छाती हलकी व्हायची. तासाभरात पुन्हा जड. पोटात गोळा, हाताच्या बोटांना मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं. एकदा कारखान्यात चहाच्या वेळेला असं धडधडायला लागलं की दोघांनी मला धरून मिरजेला दवाखान्यात नेलं. छातीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही तुम्हाला. हृदय ठणठणीत आहे."

सुनंदानं तिथंच देवाला हात जोडले. मी मात्र घाबरलो. काही नाही, तर मग हे काय आहे?

आमच्या भागात या दुखण्याला 'आजार' म्हणत नाहीत. 'जिवाला घोर लागलाय' म्हणतात. आणि घोर लागायला कारण लागतं. पोरीचं लग्न, कोर्टकचेरी, घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं. माझ्याकडे दाखवायला कारणच नव्हतं. सुनंदा म्हणायची, "अहो, सगळं तर चांगलं चाललंय." तिला कसं सांगणार की सगळं चांगलं चाललंय हीच तर पंचाईत होती. चांगलं चाललेलं कधी मोडेल, याचाच पहारा मी करत होतो. आणि पहारा करणाऱ्याला झोप कुठली?

शेवटी सुनंदानंच सांगलीतल्या एका मानसोपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता शोधून काढला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओळखीचं कुणी बघत नाही ना, म्हणून आधी शेजारच्या रसवंतीगृहात बसून राहिलो होतो. बाई फार बोलल्या नाहीत. एक बारीकशी गोळी दिली, आणि दर आठवड्याला या म्हणाल्या. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "भीती वाटली की तुम्ही काय करता?"

"फोन लावतो."

"आणि नाही लावला तर?"

"तर काय होईल सांगता येत नाही."

"तेच एकदा बघायचंय आपल्याला," त्या म्हणाल्या. "भीती चढते आणि आपसूक उतरते. तुम्ही दर वेळी फोन करून ती मध्येच तोडता, म्हणून ती उतरताना तुम्ही कधी पाहिलीच नाही. एकदा पाहा. हातातलं काम सोडू नका, भीतीला हाकलू नका, फक्त थांबा."

ऐकायला बरं वाटलं. जमलं मात्र नाही.

मग त्या वर्षीची हळद आली. कारखान्याच्या मालकांनी भल्या मनानं रजा घ्यायला सांगितली होती आणि दादांना ते कळलं. दादा सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. गावी कोरेगावजवळ ऊस आहे, आणि उसाच्या कडेला थोडी हळद. गावातले बाकीचे आता वाफेच्या बॉयलरवाल्याला बोलावतात. हळद भराभर शिजते, माणसाला हात लावावा लागत नाही. दादा मात्र थोडीच तर हळद म्हणून जुन्या काहिलीतच, त्या मोठ्या लोखंडी कढईतच, शिजवतात. ते फोनवर म्हणाले, "घोर लागलाय म्हणं तुला? इकडं ये. घाम गाळ आठ-पंधरा दिवस. कुठल्या कुठं पळून जाईल."

पहिल्याच दिवशी उजाडता उजाडता त्यांनी मला कालव्याच्या रस्त्यानं पळायला नेलं. ते पुढं, सरळ पाठीनं. मी मागं, धापा टाकत. थोड्या अंतरावर मी छाती धरून थांबलो.

"काय झालं रं?"

"धडधडतंय."

"मग? पळाल्यावर धडधडणारच की गड्या! न धडधडून सांगतंय कुणाला?"

मला हसू आलं. बाईंनी जे चार खेपांत समजावलं होतं, त्यातलं निम्मं दादांनी न समजताच सांगून टाकलं होतं. पण दादांचा इलाज तेवढाच होता. त्यांच्या हिशेबी मन म्हणजे एक रिक्रूट, सकाळी उठवून मैदानावर आणला की झालं.

ते दिवस मला आता एकामागोमाग एक असे आठवत नाहीत. रंग आठवतो. बायका कुदळीनं उकरलेले कंद झटकत बसायच्या. गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे. त्यांच्या हातांच्या रेषा केशरी. बांधावरची कुत्रीसुद्धा पायाला पिवळी. जमिनीत खणलेल्या चुलवणावर काहील, खाली उसाचं पाचट धडधडून पेटायचं आणि लाकडं सावकाश. काहिलीत हळकुंडं, वर हळदीचाच पाला, त्यावर ओली पोती. थोड्या वेळानं पोत्यांच्या कडेनं फेस यायचा आणि पांढरी वाफ. वास बदलला की वहिनी एक हळकुंड काढून त्यात काडी टोचून बघायच्या. काडी सहज गेली तर झालं. कच्ची राहिली तर वाळताना बिघडते, जास्त झाली तर रंग जातो. एकदा काहील चढली की मधेच सोडून जाता येत नाही, एवढं मला तेव्हा समजलं.

आणि शेतात फोनला रेंज नव्हती. रेंज मिळायची ती कालव्याच्या भरावावर चढल्यावर. पहिले काही दिवस मी दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून भरावावर चढायचो. वहिनी पाहायच्या, बोलायच्या नाहीत. वहिनी मुळातच कमी बोलायच्या. दादा नोकरीवर असताना शेत, सासू-सासरे, दोन पोरं हे सगळं त्यांनी ओढलं. मी तेव्हा लहान भाऊ म्हणून त्यांच्या हातची भाकरी खाऊन कॉलेजला जायचो. त्यांच्या मनात कधी काय चाललं असेल, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. भाकरी गरम असायची, एवढंच मला ठाऊक.

एका शनिवारी ऋतुजा यायची होती. सुनंदानं तिला सकाळच्या एसटीत बसवलं. साताऱ्यात उतरून कोरेगावची गाडी धरायची, जेवायच्या वेळेपर्यंत शेतात. जेवणं झाली. ऊन कलायला लागलं. मी भरावावर चढलो. तिचा फोन बंद. सुनंदाला लावला तर ती म्हणाली, "निघालीय ना वेळेवर. येईल." तिच्या आवाजात मी काळजी शोधत होतो. तिथं ती नव्हती, म्हणून माझी आणखीच वाढली.

खाली आलो तेव्हा माझा चेहरा बघूनच दादा म्हणाले, "मोटारसायकल घे आणि जा स्टँडवर. चौकशी कर."

किल्ली त्यांनी पुढं केली. मी घेतली. डोळ्यांसमोर घाट नसलेल्या रस्त्यावर घाट उभा राहिला होता, उलटलेली गाडी होती, दप्तर होतं, तिची ओढणी होती. हात बधिर झाले होते. आणि काहिलीतून नुकताच फेस यायला लागला होता. कामाच्या बायका जेवून दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. मी गेलो असतो तर दादा आणि वहिनी मिळून काहील उतरवू शकले असते, नाही असं नाही. पण मला एकदम बाईंचं 'फक्त थांबा' आठवलं. स्टँडवर जाऊन मी काय करणार होतो? तिथं उभा राहून पुन्हा फोनच लावणार होतो.

"नको," मी म्हणालो. "हळद होऊ दे."

किल्ली परत दिली आणि चुलवणापाशी बसलो. पाचट सारत राहिलो. सांगतो, ती शूरपणाची गोष्ट नव्हती. माझे दात वाजत होते, फेब्रुवारीच्या उन्हात, जाळाच्या तोंडाशी. उठावंसं वाटायचं. उठायचो, लाकूड आणायचो, पुन्हा बसायचो.

वहिनी शेजारी येऊन बसल्या. जाळात एक लाकूड सारलं. मग म्हणाल्या, "भावजी, पोटात वर-खाली हुतंय न्हवं?"

मी मान हलवली.

"मला बी व्हायचं."

"तुम्हाला? कधी?"

"कवा म्हंजे? हे बॉर्डरवर हुते तवा. पत्र यायचं ते जुनं झालेलं यायचं. पत्रात 'मी बरा हाय' लिवलेलं, पण ते लिवल्यावर काय झालं कुणाला ठावं? पुढं गावात फोन आला तर तो दुकानात. दुकानाचं पोरगं पळत येताना दिसलं की माझं पाय गळायचं. निरोप असायचा, मनीऑर्डर मिळाली का."

"मग तुम्ही काय करायचात वहिनी?" मी खरंच विचारलं. मला वाटलं, आता काहीतरी उपाय कळेल.

"काय करणार? भाकऱ्या करायची," त्या म्हणाल्या. "आणि करपवायची. तुमच्या आई बोलायच्या, हिचं ध्यान कुठं असतं म्हणून."

दादा पोती पाण्यात भिजवत होते. त्यांचा हात थांबला. "मला कवा बोलली न्हाईस त्ये?"

"सांगून काय केलं असतं? रजा टाकून आला असता?"

"न्हाई, पन..."

"मग झालं तर."

त्यांनी अगदी सहज म्हटलं. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. दादा पोतं पिळत राहिले, पाणी निथळून गेलं तरी पिळत राहिले. आयुष्यभर ज्यांनी मला भिऊ नको म्हणून सांगितलं, त्यांच्या स्वतःच्या घरात इतकी वर्षं भीती राहत होती आणि रोज त्यांच्यासाठी भाकऱ्या करत होती. हे त्यांना साठी ओलांडल्यावर हळदीच्या काहिलीपाशी कळत होतं. मलाही.

वास बदलला. वहिनी उठल्या, काडी टोचली, "झाली," म्हणाल्या. आम्ही तिघांनी मिळून हळद उपसली. वाफेनं तोंड भाजत होतं. आणि त्या गडबडीत कधीतरी माझ्या लक्षात आलं की बोटांच्या मुंग्या गेल्यात. ऋतुजा अजून आली नव्हती. काहीच बदललं नव्हतं. तरी गोळा सैल झाला होता. भीती उतरताना मी पहिल्यांदा पाहिली. पाहिली म्हणजे काय, उतरून गेल्यावर तिची रिकामी जागा पाहिली.

ऋतुजा आली ती संध्याकाळच्या सुमाराला, गावातल्या कुणाच्या तरी जीपमधून, हसत. मी हळदीच्या ढिगापाशी होतो. ती जवळ आली आणि माझ्याकडे बघून तिचं हसू गेलं.

"पप्पा, फोन केला होतात ना?"

"एकदा. बंद होता."

"एकदाच?"

"एकदाच."

तिनं खांद्यावरची पिशवी उतरवली. मग खाली बसली आणि एक गरम हळकुंड हातात घेऊन इकडून तिकडे करत म्हणाली, "चार्जिंग संपलं असं सांगणार होते. पण खरं सांगते. मी मुद्दाम बंद ठेवला. साताऱ्यात मैत्रीण आहे, तिच्याबरोबर चार भिंतीच्या टेकडीवर गेले होते. नुसतं बसलो होतो. सगळा सातारा खाली दिसतो तिथून. पप्पा, तुमचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. आणि तुमचा फोन नाही आला तर त्याहून मोठा येतो. वाटतं, तुम्हालाच काहीतरी झालं. आज म्हटलं, दोन तास कुणाचाच नको."

मला आधी राग आला, हे लपवत नाही. दिवसभर इथं माझा जीव टांगणीला, आणि ही टेकडीवर बसून सातारा बघते! पण राग पुरा वर यायच्या आत 'माझ्या पोटात गोळा येतो' हे शब्द आत जाऊन बसले. तिनं तो गोळा कुठून घेतला हे विचारायची गरज नव्हती. लेकराला आपण नाक देतो, रंग देतो, बोलायची ढब देतो. हेही दिलं होतं.

"कधीपासून होतं तुला असं?"

"बारावीपासून. सांगितलं असतं तर तुम्ही आणखी काळजी केली असती."

वहिनींचं वाक्य आणि तिचं वाक्य यांत दुपार ते संध्याकाळ एवढंच अंतर होतं. एक साठीची, एक अठरा-एकोणीसची, आणि दोघीही गप्प राहिल्या त्या समोरच्याला त्रास नको म्हणून. मी तिच्याशेजारी बसलो. म्हणालो, "मी फोनच करणार नाही, असं कबूल करत नाही. ते खोटं होईल. पण कमी करीन. आणि तुला झालं की मला सांग. मी घाबरेन. घाबरू दे मला. तरी सांग."

"तुमच्या त्या डॉक्टर बाईंकडे मी एकदा आले तर चालेल?"

"दोघं जाऊ."

"रसवंतीगृहात बसायचं आधी?"

हे तिला सुनंदानं सांगितलेलं दिसत होतं. आम्ही दोघंही हसलो. तिचे तळवे तोवर पिवळे झाले होते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ऋतुजा पुण्यात नोकरी करते. माझी गोळी बाईंनी हळूहळू कमी करत आणली आणि मग बंद केली. मधे एका पावसाळ्यात, नदीला पाणी चढलं तेव्हा, पुन्हा सुरू करावी लागली, पुन्हा बंद झाली. बरा झालो का, असं कुणी विचारलं तर मी थांबतो. काही सकाळी अजूनही अर्ध्या वाटेत कुलूप आठवतं. बहुतेक वेळा मी पुढं जातो. एखाद्या दिवशी परत फिरतो, कुलूप ओढून बघतो आणि स्वतःला शिव्या न देता पुन्हा निघतो. ही शिव्या न देण्याची गोष्ट शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारखान्यात खोट सापडली की भाग बाजूला टाकायचा असतो. माणूस तसा टाकता येत नाही, स्वतःला तर नाहीच.

त्या हळदीच्या दिवसांतलं एक मात्र अजून सांगायचं राहिलं. रजा संपत आली होती. शिजलेली हळद अंगणात पसरलेली, वहिनी आणि मी ती उन्हात खाली-वर करत होतो. वाळत आली की हळकुंडांचा आवाज बदलतो, लाकडाच्या तुकड्यांसारखी खुळखुळतात. दादा सकाळीच पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेले होते. ते असे नेहमीच जायचे. 'जातो' म्हणायचे आणि जायचे. कधी येणार हे विचारायची आमच्या घरात रीत नव्हती.

वहिनींचा फोन ओट्यावर वाजला. दादांचं नाव बघून त्यांचा चेहरा उतरला. दादा बाहेरून कधी फोन करत नसत.

"आवं, काय झालं? कुठं हाय तुमी?"

दादांचा आवाज एवढा मोठा की मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "पोचलो."

"कुठं पोचला?"

"साताऱ्याला."

"मग?"

"मग काय? पोचलो म्हनून सांगितलं."

पलीकडून दादा जरा घुटमळले, मग म्हणाले, "चारच्या गाडीनं निघतो," आणि फोन बंद झाला.

"येडं झालंय ह्ये मानूस," वहिनी म्हणाल्या. फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अंगणात हळद तशीच पसरलेली असताना, ऊन कामाचं असताना, त्या ओट्यावर बसल्या आणि पाय सोडून निवांत टेकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना काही न करता बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्या वाट्याची हळदही मीच खाली-वर करत राहिलो.